दुकानात चालतो, शेतातल्या घरी रीस्टार्ट होतो: भारी पीसीची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

वर्धा असो, यवतमाळ असो की चंद्रपूर, तालुका बदलतो, तक्रार तीच. "रेंडर (एडिट केलेल्या कामाची शेवटची फाइल काढणं) लावला की पीसी एकदम रीस्टार्ट होतो. दुकानात नेला तर दोन-दोन दिवस चालतो, काहीच होत नाही." मग रॅम बदलली जाते, विंडोज तीनदा टाकली जाते, शेवटी ग्राफिक्स कार्डावर संशय जातो. पैसे जातात आणि पीसी चार दिवसांनी पुन्हा तसाच बंद पडतो. म्हणून हे एकदा सगळं नीट लिहून ठेवतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपण भारी पीसी जुळवायला बसलो की प्रोसेसरपासून सुरुवात करतो, मग कार्ड, मग मदरबोर्ड. पॉवर सप्लाय (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस उरलेल्या पैशांत. गावात, आणि त्यातही शेतातल्या घरात, यादी भिंतीतल्या सॉकेटपासून लिहायला हवी. का, ते एका पीसीच्या गोष्टीवरून सांगतो.

माझ्या मामेभावाचा मुलगा हिंगणघाट तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटरवर शेतातल्या घरी राहतो. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो, ड्रोनच्या फोटोंवरून शेतांचे नकाशेही काढून देतो. कापसाचे पैसे आणि थोडं कर्ज मिळून त्याने अडीच लाखांच्या घरात पीसी जुळवला: रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ४०८० सुपर ग्राफिक्स कार्ड, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, ८५० वॅटचा गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय आणि १००० व्हीएचा साधा यूपीएस. नागपूरला सीताबर्डीवर जुळवून घेतला. भाग सगळे चांगले होते. तरी डिसेंबरपासून त्याचे फोन सुरू झाले. "काका, पुन्हा गेला. एक्स्पोर्ट बहात्तर टक्क्यांवर होता."

तीन वेळा तो पीसी नागपूरला गेला आणि तीन वेळा "काही दोष नाही" म्हणून परत आला. दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेबलावर खरंच दोष नव्हता.

बंद कसा पडतो, ते आधी नीट बघा

"बंद पडतो" या एका शब्दात चार-पाच वेगळे आजार असतात. म्हणून कोणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: नेमकं काय दिसलं?

निळा पडदा न येता, काही सूचना न देता पीसी विझला आणि आपोआप पुन्हा सुरू झाला, तर संशय विजेवर: यूपीएस, पॉवर सप्लाय, वायरिंग. विझला आणि मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय उठलाच नाही, तर पॉवर सप्लायने स्वतःच्या संरक्षणासाठी कुलूप लावलंय. विझला आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावरच उठला, तर उष्णता. पडदा काळा झाला, कार्डाचे पंखे जोरात फिरू लागले, पण आवाज किंवा गाणं चालूच राहिलं, तर कार्डाचं पॉवर कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा. निळा पडदा आला, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) डब्ल्यूएचईए-लॉगरच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसल्या, तर रॅमचा एक्स्पो प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग), ओव्हरक्लॉक आणि प्रोसेसर यांच्याकडे वळा. आणि नुसता मंद होत असेल तर ती उष्णतेची पहिली पायरी आहे. आजचा प्रोसेसर तापला की सहसा रीस्टार्ट होत नाही, वेग कमी करतो. ७९५०एक्स ९५ अंशांवर स्वतःला आवरतो. "तापून रीस्टार्ट होतोय" असं लोक पटकन म्हणतात, पण बहुतेक वेळा ते बरोबर नसतं.

या पोराच्या पीसीवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या पानावर कर्नेल-पॉवर ४१ ही नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या पडद्याच्या चुकीचा क्रमांक) शून्य. विंडोजला मरताना काही लिहायलाच वेळ मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. एवढ्यावरून विंडोज आणि ड्रायव्हर बाजूला ठेवले.

कॅलेंडरवरच्या खुणा

फोनवर मी त्याला एकच काम सांगितलं होतं: पीसी बंद पडला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिही. जानेवारीत गेलो तेव्हा त्या चौकटींमध्ये निळ्या पेनाने बारीक आकडे होते. रात्री १०:१०. रात्री १०:४०. मग तीन दिवस काहीच नाही. मग सकाळी ९:०५, ९:२०. पुन्हा रात्रीचे आकडे.

मी बघत होतो, तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या आणि सहज म्हणाल्या, "हे तं थ्री-फेजचं टाइमटेबल दिसून राह्यलं."

आणि तसंच होतं. शेतीच्या मोटरींना थ्री-फेज लाइन चोवीस तास नसते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. बाकी वेळ घरापुरती सिंगल फेज. गहू-चन्याच्या ओलिताचे दिवस. ज्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) हे घर आहे, तिच्यावर सात मोटरपंप आहेत आणि जवळपास सगळ्यांना लाइन येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटो स्टार्टर लावलेले. रात्री थंडीत कोणी धुऱ्यावरून बटण दाबायला जात नाही, त्यात शेतकऱ्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पण लाइन आली की सातही मोटरी जवळपास एकाच वेळी उचलतात, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते.

त्या रात्री मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून सॉकेटपाशी बसलो. (हे काम सवय असेल तरच करा, नाहीतर वायरमनला बोलवा.) पावणेदहाला २३१. लाइन आली तशी ट्यूबलाइट मिचमिचली आणि आकडा घसरत ११८वर गेला, दोन-तीन सेकंद तिथेच घुटमळला, मग १५६वर येऊन थांबला. नंतर तासभर अधूनमधून कोणाची तरी मोटर थांबायची, पुन्हा उचलायची, आणि आकडा १३०च्या खाली बुडी मारून वर यायचा.

दोष कुठे होता

इथे बहुतेक जण म्हणतील, व्होल्टेज कमी पडतं म्हणून पीसी बंद होतो, स्टॅबिलायझर लावा. मीही आधी तेच म्हणालो असतो. पण चांगल्या पॉवर सप्लायच्या लेबलवर बघा: १००–२४० व्होल्ट. ११८ व्होल्टवरही तो चालतो, फक्त जास्त करंट ओढतो. खात्री करायला आम्ही सगळं काम सेव्ह केलं, यूपीएस काढला, पीसी थेट सॉकेटला लावला आणि दुसऱ्या रात्री लाइन येण्याच्या वेळेला पूर्ण ताणाचा रेंडर चालवला. ट्यूबलाइट मिचमिचली, खिडकीजवळचा पंखा मंदावला, पीसीला काहीच झालं नाही. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. ज्या यूपीएसवर पीसी वाचवायचा भरवसा ठेवला होता, तोच त्याला पाडत होता.

हिशेब असा. ७९५०एक्सचा नाव म्हणून सांगितला जाणारा आकडा १७० वॅट आहे, पण तो प्रत्यक्षात २३० वॅटपर्यंत ओढू शकतो. कार्डाची मर्यादा ३२० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ८०–९० धरा. झाले ६४०. पॉवर सप्लायची कार्यक्षमता नव्वद टक्के धरली तर भिंतीतून ओढले जातात ७१० वॅट. आणि १००० व्हीएचा यूपीएस देतो फक्त ६०० वॅट! व्हीए आणि वॅट एकच समजणं ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे. खोक्यावर व्हीए मोठ्या अक्षरात असतो, वॅट मागच्या बाजूला बारीक.

लाइन नीट असताना यूपीएस विजेला पुढे ढकलतो, बॅटरीला हात लावत नाही. त्याच्या लेबलवर खालची हद्द १४० व्होल्ट होती. मोटरी उचलल्या, व्होल्टेज १४०च्या खाली गेलं, यूपीएस बॅटरीवर गेला. त्या क्षणी पीसी नुसता ब्राउझर चालवत असेल तर निभावतं. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही ताणावर असले की ७००च्या वर मागणी, यूपीएस ओव्हरलोड म्हणून हात वर करतो. नागपूरच्या दुकानात व्होल्टेज पडतच नाही, तर यूपीएस बॅटरीवर जाणार कधी आणि दोष दिसणार कसा?

त्यात दुसरी अडचण. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लाट, देत नाही. आजच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनच्या लाटेबरोबर करंट ओढणारं सर्किट) असतं, आणि काहींना ही पायऱ्यांची लाट मानवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे क्षणिक उसळ्या. मोठं कार्ड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं आपल्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० मानकात पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलावा अशी अट घातली गेली. जुन्या डिझाइनचा पॉवर सप्लाय वॅटमध्ये पुरेसा असूनही या उसळ्यांना घाबरून बंद होऊ शकतो. हे ओळखायची खूण सोपी आहे: थेट सॉकेटला लावून, व्होल्टेज नीट असतानाही ताणावर रीस्टार्ट होतो.

आज रात्रीच करता येईल असा उपाय, पैसे न घालता

लग्नाची डिलिव्हरी दोन दिवसांवर होती, नवीन यूपीएस यायला आठवडा. म्हणून आम्ही पीसीचाच खुराक कमी केला. बायोसमध्ये (मदरबोर्डची मूळ सेटिंग) इको मोड शोधा आणि १०५ वॅट निवडा. मग ७९५०एक्स जास्तीत जास्त १४२ वॅट ओढतो. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्के करा. ते २४० वॅटवर येतं. बाकीचे ९० धरून ४७२, भिंतीतून सव्वापाचशेच्या आसपास. ६०० वॅटच्या यूपीएसला झेपलं. त्या रात्री मोटरी उचलल्या, यूपीएस टिकटिकला, एक्स्पोर्ट चालू राहिला. तासाभराच्या व्हिडिओला पाच-सात मिनिटं जास्त लागली, बस.

कोणाचाही असा पीसी आला की मी हाच प्रयोग आधी करतो. मर्यादा घातल्यावर रीस्टार्ट थांबला तर दोष विजेच्या वाटेवर आहे हे जवळपास नक्की, आणि तो शोधताना एकही रुपया गेलेला नसतो. मर्यादा घालूनही थांबला नाही तर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, एक्स्पो बंद करून बघा. आणि इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा मोठा प्रोसेसर असेल तर बायोस आधी अद्ययावत करा. त्या पिढ्यांमध्ये प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. कंपनीने २०२४ मध्ये ते मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिले, हमीही दोन वर्षांनी वाढवली. मात्र एकदा बिघडलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही, तो हमीत बदलूनच घ्यावा लागतो.

यूपीएस कोणता घ्यावा

शेतातल्या डीपीवर घर असेल आणि पीसी ५०० वॅटच्या वरचा असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: ऑनलाइन यूपीएस घ्या आणि गरजेच्या दुप्पट घ्या. ऑनलाइन यूपीएसमध्ये पीसी कायम इन्व्हर्टरवरच चालतो, त्यामुळे लाइन पडली तरी बदलण्याचा क्षणच येत नाही. दुप्पट घ्यायचं कारण फार थोडे विक्रेते सांगतात. या यूपीएसची खालची व्होल्टेज हद्द भारावर अवलंबून असते. पूर्ण भारावर साधारण १६०–१७० व्होल्टपर्यंतच चालतो, अर्ध्या भारावर बरेचदा ११०पर्यंत उतरतो. २ केव्हीएचा (२००० व्हीए) घेतला तर ७१० वॅट म्हणजे अर्ध्याहून कमी भार, आणि मोटरी उचलतानाची बुडीही बॅटरी न वापरता निघून जाते. मॉडेलच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो, तो वाचूनच पैसे द्या.

त्याचा पंखा सतत वाजतो, तो स्वतः तापतो, आणि त्याच्या बॅटऱ्यांना उन्हाळा सोसत नाही. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना सीलबंद बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तेव्हा तो टिनाच्या खोलीत ठेवू नका, घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला ठेवा.

"घरी इन्व्हर्टर आहे, त्यावरच चालवू का?" हा प्रश्न हमखास येतो. साइन वेव्ह असेल आणि वॅट पुरत असतील तर चालेल, पण मागचं बटण बघा. ते 'यूपीएस मोड'वर असेल तर इन्व्हर्टर लाइनवरून बॅटरीवर झटकन बदलतो, पण १८० व्होल्टच्या खाली लगेच बॅटरीवर जातो. आपल्याकडे थ्री-फेजच्या वेळी १५६ व्होल्ट तासन्‌तास राहतं, मग लाइन असूनही बॅटरी संपते. साध्या मोडवर तो १०० व्होल्टपर्यंत थांबतो, पण बदलायला वेळ लावतो. पॉवर सप्लाय वीज गेल्यावर पूर्ण भारावर साधारण १२–१७ मिलिसेकंदच तग धरतो, त्यामुळे तिथे रीस्टार्टची भीती राहते. अशा घरी मी इन्व्हर्टर साध्या मोडला ठेवून पीसीपुरता शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस पुढे लावतो.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात का?

या घरी येत होत्या. पोरगा चपला घालूनच पीसीसमोर बसायचा, त्याला वाटायचं एवढं असतंच. मीटर लावला तर फेज ते अर्थ ११२, न्यूट्रल ते अर्थ ११५. हे दोन आकडे साधारण निम्मे-निम्मे आले की समजा, अर्थिंग जोडलेलंच नाही. पॉवर सप्लायच्या आत फेजकडून आणि न्यूट्रलकडून धातूच्या डब्याकडे एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थची वाट तुटलेली असली की डबा त्या दोघांच्या मधोमध लटकतो, २३०च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, म्हणून फक्त मुंग्या. पण त्याच बोर्डावर खिडकीतला कुलरही होता, आणि कुलरच्या मोटरीची गळती मुंग्यांवर थांबत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरच्या शॉकने माणसं जातात. म्हणून पीसीचं काम बाजूला ठेवून ते आधी दुरुस्त केलं.

विहिरीजवळचा अर्थिंगचा पाइप सापडला. क्लॅम्पपाशी तार गंजून तुटलेली. आणि काळ्या जमिनीचं एक लक्षात ठेवा: ओली असताना ती अर्थिंगला उत्तम, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाला सोडून मागे सरकते. तिथे बोट जाईल एवढी फट पडते. आम्ही अडीच मीटरचा नवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला तोंड, असं वायरमनकडून करून घेतलं. न्यूट्रल ते अर्थ आता दोन व्होल्टच्या आत असतं. मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात जातं.

अर्थिंगमुळे रीस्टार्ट होत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण अर्थ नसेल तर सर्ज प्रोटेक्टरची पट्टी निम्मी निकामी असते, आणि मे-जूनच्या वादळात तिचीच गरज पडते. मुख्य बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टरही बसवा. डीपीवर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते, आणि त्यापुढे कोणत्याही दर्जाचा पॉवर सप्लाय टिकत नाही. इंटरनेट छतावरच्या अँटेनावरून तांब्याच्या लॅन केबलने येत असेल तर ढग गडगडले की ती केबल काढून ठेवा. वीज त्या वाटेने आत येऊन मदरबोर्ड जाळते. फायबर असेल तर ही वाट उरत नाही.

मे महिना: तोच पीसी, वेगळा आजार

पुढचा फोन नवतपात आला. "काका, आता रीस्टार्ट होत नाही, पण विझतो आणि अर्धा तास उठतच नाही." वर लिहिलेली खूण आठवा: उष्णता. बाहेर ४५, खोलीत ४१. प्रोसेसर आणि कार्ड नुसते मंद झाले होते, विझत होता तो पॉवर सप्लाय. खालची जाळी काढली तर तिच्यावर रुईचा असा थर होता की तो नखाने सोलून अखंड निघाला, गोधडीतल्या कापसासारखा. वेचणीच्या दिवसांत शेजारच्या खोलीत कापूस साठवलेला होता. शिवाय पॉवर सप्लायचं हायब्रिड फॅनचं बटण चालू, म्हणजे कमी भारावर पंखा फिरतच नाही. आणि कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात.

जाळी धुतली, ते बटण उन्हाळ्यापुरतं बंद केलं, कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून विटांवर ठेवलं. त्यानंतर विझला नाही. धूळ काढायला मऊ ब्रश किंवा हाताचा ब्लोअर वापरा, पंख्याची पाती बोटाने धरून. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं. खिडकीतल्या कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. खोली थंड झाली की पीसीला फायदा होतोच, पण झोताबरोबर येणारे बारीक थेंब आपल्या जड पाण्याचा क्षार बोर्डावर ठेवून जातात.

नव्याने जुळवणार असाल तर

पॉवर सप्लाय: ५० अंशांवर पूर्ण वॅट देणारा. स्वस्त मॉडेलांचा आकडा ४० किंवा त्याहून कमी अंशांवरचा असतो आणि आपली खोलीच ४१ असते. लेबलवर १००–२४० व्होल्ट हवं, २००–२४० नको. एटीएक्स ३.१चा, आणि वरच्यासारख्या ६४० वॅटच्या जुळणीला १००० वॅटचा. इथे पैसे वाचवू नका, कार्ड एक पायरी खालचं घ्या.

प्रोसेसरमध्ये मी आता गावासाठी रायझन ९ ७९०० सुचवतो. १२ कोर आणि जास्तीत जास्त ८८ वॅट. १६ कोर हवेच असतील तर मोठा घ्या, पण पहिल्या दिवसापासून इको मोडवर. खोली जेवढे अंश गरम, तेवढे अंश प्रोसेसर गरम, हे गणित कोणताही कूलर मोडू शकत नाही, तेव्हा कमी वॅट हाच खरा थंडावा. कूलर दोन मनोऱ्यांचा हवेचा घ्या. पाण्याच्या कूलरचा पंप गेला तर तो हिंगणघाटलाही मिळत नाही, हवेच्या कूलरचा पंखा मात्र कोणीही बदलून देतो.

रॅमच्या दोनच पट्ट्या, मोठ्या. रायझन ७००० मालिकेत अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. एसएसडी चौथ्या पिढीची पुरते, पाचवीतल्या बऱ्याच फार तापतात.

कॅबिनेट पुढून जाळीचं, जाळ्या बाहेर काढून धुता येतील असं. मागच्या स्लॉटची एकही पट्टी उघडी ठेवू नका. मी आजवर तीन पॉवर सप्लाय उघडून आत चिकटून मेलेली पाल काढली आहे, आणि उंदराने कुरतडलेली वायर कितीदा बघितली याची मोजदाद नाही.

आणि नागपूरहून आणताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं, त्याच्या खोक्यात आणा. दोन किलोच्या आसपासचं कार्ड खड्ड्यांच्या रस्त्यावर स्लॉटला लोंबकळत आलं की स्लॉट सैल होतो. घरी बसवताना कार्डाचा पॉवर कनेक्टर शेवटपर्यंत आत जाऊ द्या, फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर वायर सरळ ठेवून मगच वळवा.

एवढं करूनही बंद पडत असेल तर मला विचारताना चार गोष्टी लिहून पाठवा: प्रत्येक वेळची तारीख आणि वेळ, तुमच्या डीपीवर थ्री-फेज कधी येते, त्या वेळी सॉकेटला किती व्होल्ट, आणि बंद पडताना यूपीएसचा दिवा हिरवा होता की पिवळा, म्हणजे तो लाइनवर होता की बॅटरीवर.